दुसरा कप्पा

बेदाण्याच्या शीतगृहातल्या चौथ्या खोलीत तापमान चार अंश होतं, आणि ऋजुता देशिंगकरला घाम फुटला होता. छातीतून एक झळ उठली, मानेवरून वर चढली आणि कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं स्वेटर काढून पेट्यांच्या थप्पीवर टाकला, मग ओढणीही टाकली. मुकादम प्रकाश खोत कानटोपी घालून, हात काखेत दाबून उभा होता.

"मॅडम, तुमच्यावर पापड भाजून निघतील," तो म्हणाला.

"तू पीठ मळून आण," ऋजुता म्हणाली आणि पेट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत राहिली. झळ ओसरली तशी थंडी हाडांत शिरली. तिनं स्वेटर पुन्हा चढवला. सकाळपासून हे तिसऱ्यांदा होत होतं.

ऋजुता चाळीस वर्षांची होती. आईच्या आजारपणात पाळी चुकायला लागली तेव्हा तिला वाटलं होतं, दगदग. आई गेली आणि त्यानंतरही पाळी आली नाही, तेव्हा वाटलं, दुःख. दुःखाच्या नावावर बरंच काही खपून जातं. झोप नाही, नावं आठवत नाहीत, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, कुणी मायेनं बोललं तरी राग येतो. वर्षश्राद्ध झालं आणि हे सगळं तसंच राहिलं, तेव्हा ती मिरजेतल्याच डॉक्टर फिरदोस शिकलगार यांच्याकडे गेली. तपासणीला फार वेळ लागला नाही.

"तुमची पाळी गेली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "नेहमीपेक्षा दहा वर्षं आधी. काही बायकांच्या बाबतीत होतं असं, कारण सापडतंच असं नाही."

"म्हणजे आता हे असं चालायचं."

"झळा चालतील आणि कधीतरी थांबतील. मला काळजी झळांची नाही. बीजकोश ईस्ट्रोजेन बनवायचे थांबले की हाडं विरळ व्हायला लागतात, रक्तवाहिन्या कडक होतात. पन्नाशीत हे सुरू झालं तर प्रत्येकीचं वय, तब्येत बघून ठरवावं लागतं, हार्मोन द्यायचे की नाही. पण चाळिशीत? तुमच्या शरीरानं अजून दहा वर्षं जे बनवायला हवं होतं, तेवढंच आपण बाहेरून देणार. तुमच्या बाबतीत मी 'समतोल' लावा म्हणेन."

ऋजुतानं टेबलावरचा पेपरवेट बाजूला सारला.

"माझ्या आईला समतोलच होतं," ती म्हणाली. "गर्भपिशवीच्या कॅन्सरनं गेली ती."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मिरज हे डॉक्टरांचं गाव. इथे रोगी धीर मागायला येतात तसे जाब विचारायलाही येतात, आणि दोन्हींचा आवाज सुरुवातीला सारखाच असतो.

समतोल तोवर काही नवं राहिलं नव्हतं. दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली बसणारी बोटाच्या पेराएवढी काडी. ती रक्तातल्या हार्मोनचा अंदाज घ्यायची आणि हवं तेवढंच औषध सोडायची. गोळी पोटात जाऊन यकृतातून फिरते, त्यानं रक्ताच्या गुठळीची भीती वाढते. कातडीतून दिलेल्या औषधात ती बरीच कमी असते. काडीला दोन कप्पे असत. पहिल्यात ईस्ट्रोजेन, ते महिनाभर थेंबाथेंबानं सुटे. दुसऱ्यात प्रोजेस्टेरॉन, ते महिन्यातले थोडेच दिवस. ते संपलं की पाळीसारखा थोडा स्राव होई. काडी वर्षातून एकदा औषधाच्या दुकानात बदलून मिळे, डॉक्टरकडे जायला लागत नसे; दर तीन महिन्यांनी यंत्राचाच फोन येई, काही प्रश्न विचारी आणि उत्तरांप्रमाणे कप्पे चालू-बंद करी. तीच तिची जाहिरात होती.

"तुमच्या शीतगृहाच्या आजूबाजूला द्राक्षबागा आहेत ना?" डॉक्टरांनी विचारलं. "मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. ईस्ट्रोजेन म्हणजे पाणी आणि खत. त्यानं हाडं टिकतात, झोप येते. पण त्यानंच पिशवीच्या आतलं अस्तरही वाढतं. प्रोजेस्टेरॉन म्हणजे छाटणी. ते आलं की अस्तर वाढायचं थांबतं आणि गळून पडतं. वर्षानुवर्षं नुसतं पाणी-खत घातलं आणि छाटणी केलीच नाही, तर काय होईल?"

"रान माजेल."

"आणि त्या रानात कॅन्सरला जागा होते. म्हणून तर दुसरा कप्पा आहे. धोके आहेतच, मी नाही म्हणणार नाही. उतारवयात दोन्ही हार्मोन बरीच वर्षं घेतले तर छातीच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून तपासण्या कराव्या लागतात. पण पिशवीचा कॅन्सर समतोलमुळे व्हायला नको. दुसरा कप्पा चालू असताना तर नकोच. आईंचं नेमकं काय झालं ते मला माहीत नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही. तुम्ही वेळ घ्या. फार नको पण."

"गौरी झाल्या की सांगते," ऋजुता म्हणाली.

*

घरात सुतकाचं वर्ष सरलं होतं, त्यामुळे यंदा गौरी येणार होत्या. बाबांनी माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढली, मुखवटे उलगडून ओलसर फडक्यानं पुसले आणि मग हातात फडकं धरून नुसतेच बसून राहिले. गौरींना साड्या कायम आई नेसवायची. हे काम घरातल्या दुसऱ्या कुणालाच येत नाही, हे त्या दोघांच्या एकाच वेळी लक्षात आलं.

म्हणून आवाहनाच्या दिवशी सकाळीच इचलकरंजीहून नलिनीआत्या आली. आत्या त्रेसष्ट वर्षांची, बाबांची धाकटी बहीण. रिक्षातून उतरतानाच तिनं केळीचे खुंट, दोन पिशव्या आणि रिक्षावाल्याचा इतिहास असं सगळं बरोबर आणलं.

"दादा, हळद संपलीये का बघ आधी. आणि ऋजू, तू अशी पिवळी का दिसतेस गं? जेवतेस की बेदाणे खाऊन राहतेस?"

दुपारी माजघरात दोन लोखंडी सांगाडे उभे केले. आत्या टाचण्या तोंडात धरून निऱ्या घालत होती आणि ऋजुता खाली बसून काठ ओढून धरत होती. बाबा दारापाशी फुलांच्या माळा करत होते. मध्येच झळ आली. ऋजुतानं हातातला काठ सोडला आणि पदरानं वारा घ्यायला लागली. आत्यानं एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि टाचण्या तोंडातून काढल्या.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"इतक्या लवकर. आमच्या आईचंही असंच झालं होतं म्हणे." आत्यानं आवाज खाली आणला नाही. ती कशासाठीच आणत नसे. "मग समतोल लाव की. भिऊ नकोस. मला बघ, चौदा वर्षं झाली. माझ्याबरोबरच्या बायका कमरेत वाकल्या, मी अजून पाटावरवंटा ओढते."

"महिन्याचा त्रास परत सुरू होतो म्हणे."

"कुणाला? मला एक दिवस नाही." आत्या हसली. "तीन महिन्यांनी ते फोनवर विचारतं ना, पिशवी काढली आहे का? हो म्हणायचं. सुटलो. पाळी बंद, आणि बाकी सगळं चालू."

ऋजुताचा वारा घेणारा हात थांबला.

"पण तुझी पिशवी काढलेली नाहीये."

"त्याला कोण सांगणार आहे? ते काय पोट उघडून बघतंय? आमच्या भिशीतल्या निम्म्या बायका हो म्हणतात. पूर्वी नाही का, सण आला की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खायचो. त्यापेक्षा हे किती सोपं. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा बाजूला बसायचं म्हणजे काय, सांग बरं. एकदा सोवळ्यात आलेली बाई परत ओवळ्यात जाते का?" तिनं गौरीच्या खांद्यावरचा पदर पाहिला, पसंत पडला नाही म्हणून सोडवून आपल्या खांद्यावर टाकला. "तुझ्या आईला मीच सांगितलं हे. तिला काडी बसवली त्याच वर्षी ऐन गौरीच्या जेवणादिवशी आली. पुरण शिजलेलं, सवाष्ण दारात, आणि ही मोरीत रडत उभी. मी म्हटलं, वेडे, पुढच्या खेपेला विचारलं की हो म्हण. त्यानंतर एक गौर चुकली नाही तिची."

दारापाशी फुलांच्या टोपलीत बाबांचा हात तसाच राहिला होता.

ऋजुता उठली आणि आतल्या खोलीत गेली. आईच्या कपाटाच्या वरच्या खणात एक प्लास्टिकची डबी होती. पुण्याच्या इस्पितळानं ती आईच्या बांगड्यांबरोबर परत दिली होती. शस्त्रक्रियेच्या वेळी दंडातून काढलेली काडी. तिथल्या डॉक्टरांनी 'हार्मोन चालू' एवढं नोंदवलं होतं, ते खरंच होतं. पुढे काही विचारायला कुणाला सवड नव्हती. रोग तोवर यकृतापर्यंत गेला होता. त्याआधी आईला वर्षभर मधूनमधून अंगावरून रक्त जात होतं आणि ती त्याला उष्णता म्हणत होती, सब्जा भिजवून पीत होती.

ऋजुतानं डबी उघडून काडी खिडकीच्या उजेडात धरली. पहिला कप्पा रिकामा, काचेसारखा आरपार दिसत होता. दुसरा कप्पा फिक्या गुलाबी औषधानं काठोकाठ भरलेला होता. हे तिनं पूर्वीही पाहिलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, आईचं थोडं औषध उरलं.

तिला डॉक्टरांची छाटणी आठवली. कुणीही आपलं काम चुकवलं नव्हतं. ज्यांची पिशवी काढलेली असते त्यांना प्रोजेस्टेरॉनची गरज नसते, म्हणून यंत्रानं दुसरा कप्पा बंद ठेवला. पिशवीच नाही म्हटल्यावर अवेळी रक्त जातं का, हा पुढचा प्रश्न त्यानं कधी विचारलाच नाही. बाईच्या परवानगीशिवाय यंत्रानं तिचे दुसरीकडचे कागद चाळायचे नाहीत, तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हा कायदा बायकांनीच भांडून मिळवला होता. ऋजुताला तो कायदा तेव्हाही पटला होता. आत्ताही पटत होता. त्याचंच तिला नवल वाटलं.

ती डबी तशीच ठेवून बाहेर आली. आत्याला सांगायचं नाही, हे तिनं त्या चार पावलांत ठरवलं होतं. आत्या आणि आई नणंद-भावजय कमी आणि मैत्रिणी जास्त. शेवटचे महिने आत्या इथेच राहिली होती, आईचे केस विंचरायची, आणि केस गेल्यावर नुसतं डोकं चोळून द्यायची. तिला आता हे सांगून काय मिळणार होतं?

"आत्या," ती खाली बसत म्हणाली, "तुला अलीकडे काही त्रास? रक्त वगैरे?"

"छे. मागच्या महिन्यात दोनदा डाग दिसला एवढंच. तिखट जास्त झालं होतं. गेलं आपोआप."

बाहेर पोरं झांजा वाजवत कुणाची तरी गौर घेऊन गेली. ऋजुतानं ती जाईपर्यंत वाट पाहिली.

"उद्या माझ्याबरोबर शिकलगार मॅडमकडे चल. मी वेळ घेते."

"गौर घरात असताना? काहीतरीच. पुढच्या महिन्यात बघू."

या घरात 'बघू' म्हणजे नाही. आई वर्षभर बघू म्हणत होती. ऋजुता पुन्हा आत गेली आणि डबी घेऊन आली.

"हे बघ," ती म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. पाणी-खत आणि छाटणी, अस्तर, उष्णता. आवाज चढवला नाही आणि मऊही केला नाही, शीतगृहात मालाची प्रत सांगावी तसं सांगितलं. तसं सांगितलं नसतं तर तिला सांगताच आलं नसतं. आत्या ऐकत होती आणि काडीकडे बघत होती. तिच्या खांद्यावर गौरीचा पदर अजून तसाच होता.

"म्हणजे मी सांगितलेलं," आत्या म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं."

"तिला तरी कुठे माहीत होतं? तिनं विश्वास ठेवला माझ्यावर."

ऋजुतानं काडी डबीत ठेवून झाकण लावलं. मग दारातून बाबांचा आवाज आला. "नलू, मी तिला बाजूला बसवलं असतं का गं?"

आत्यानं मान वळवली. "तू नसतं बसवलंस, दादा. पण तू तिला कधी विचारलंसही नसतंस."

बाबांनी हातातलं शेवंतीचं फूल माळेत ओवलं आणि दोऱ्याला गाठ मारली. गाठ सैल बसली, ती त्यांनी सोडवून पुन्हा मारली.

आत्या गौरीकडे वळली. खांद्यावरचा पदर तिनं गौरीच्या खांद्यावर नीट चढवला, टाचणी लावली, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"सुनीतीवहिनीसारख्या निऱ्या नाही येत मला," ती म्हणाली. मग डोळे न पुसताच म्हणाली, "उद्या जेवणं उरकली की जाऊ."

*

सोनोग्राफीत आत्याचं अस्तर फार जाड दिसलं. डॉक्टरांनी आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात आत्या मिरजेलाच राहिली आणि तिनं घरातले सगळे डबे घासून काढले, स्वच्छ असलेलेसुद्धा.

कॅन्सर नव्हता. पेशी वाढल्या होत्या, बिघडल्या नव्हत्या. डॉक्टरांनी काडीतला पहिला कप्पा बंद केला आणि दुसरा चालू केला. काही महिने नुसती छाटणी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं, आणि नाहीच ओसरलं तर मग खरोखर पिशवी काढायची.

"मग खरं बोलल्यासारखं तरी होईल," आत्या म्हणाली. पण हसली नाही.

ऋजुतानं जाताना विचारलं, "मॅडम, माझ्या आईनं तुमच्यासारख्या कुणाला सांगितलं असतं, की मला महिन्याचं नको आहे, सणाला अडचण होते... तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तर दुसरा कप्पा रोज थोडा थोडा चालू ठेवला असता. बहुतेक बायकांची पाळी त्यानं थांबते आणि अस्तरही वाढत नाही. किंवा नुसती तारीख पुढे सरकवायची. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचं."

"हो. मी समतोलवाल्यांना कळवलं आहे सगळं. प्रश्न विचारायची पद्धत बदला म्हणून. कधी बदलतील माहीत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "आणि आम्हीही कधी विचारलं नाही, सणाचं काय करता म्हणून. आमच्या शिकण्यात तो भागच नव्हता."

इचलकरंजीला सोडायला जाताना गाडीत आत्या खिडकीकडे तोंड करून बसली होती. कृष्णेच्या पुलावर आल्यावर ती म्हणाली, "ऋजू, एक विचारते. खोटं सांगू नकोस. तिला यानंच झालं का?"

ऋजुताला 'नक्की सांगता येत नाही' असं म्हणता आलं असतं. डॉक्टर असंच म्हणतात आणि ते चुकीचं नसतं. नुसत्या वाढलेल्या अस्तराचा प्रत्येकीला कॅन्सर होतो असं नाही.

"बहुतेक," ती म्हणाली. "हो."

आत्यानं मान हलवली. पूल संपेपर्यंत तिनं ऋजुताचा हात धरून ठेवला होता, गिअर टाकायचा तो डावा हात. ऋजुता तिसऱ्या गिअरमध्येच चालवत राहिली.

दसऱ्याच्या आत तिनं समतोल लावून घेतलं. बाबा बरोबर आले होते. डॉक्टरांनी काडी बसवायच्या आधी बाबांनी ती हातात मागून घेतली आणि चष्मा वर करून दोन्ही कप्पे भरलेले आहेत का ते पाहिलं. दुकानात तूरडाळ बघायचे तसं. मग परत दिली. पंधरवड्यात झळा थांबल्या. झोप लागायला लागली, आणि झोप आली तशी आईची आठवण स्वच्छ झाली. थकव्याखाली दबलेलं दुःख निराळं आणि झोप झालेल्या माणसाचं दुःख निराळं. दुसरं जास्त टोकदार असतं, पण त्यात आई नीट दिसते.

*

चैत्रात आत्यानं हळदीकुंकू मिरजेलाच घातलं. झोपाळ्यात गौर बसवली, कैऱ्या किसल्या, पन्हं केलं. ऋजुताला त्याच सकाळी पाळी आली होती. डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, सरकवू का? तिनं नको म्हटलं होतं. आत्याला सांगितलं तेव्हा आत्यानं आंब्याच्या डाळीचं पातेलं ऋजुताच्या हातात दिलं. "वाढ," ती म्हणाली. "फोडणी गार व्हायच्या आत."

खोलीत पंधरा-वीस बायका होत्या. आत्याच्या भिशीतल्या चारजणी गाडी करून इचलकरंजीहून आल्या होत्या. आत्या एकेकीला कुंकू लावत असताना कोनाड्यातला फोन वाजला.

"माझे हात भरलेत. स्पीकरवर लाव गं," आत्या म्हणाली.

ऋजुतानं नाव पाहिलं आणि आत्याकडे पाहिलं. आत्यानं मान डोलावली.

"नमस्कार, नलिनीताई," फोनमधला आवाज म्हणाला. बाईचा, समजुतीचा, या भागातल्याच बोलीचा. "समतोलकडून बोलतेय. चार प्रश्न आहेत. पायाला सूज किंवा पोटरीत दुखणं?"

"नाही."

"छातीत गाठ?"

"नाही."

बायका आपापसांत बोलत होत्या, डाळीला मीठ जरा कमी आहे का यावर. फोनमधला आवाज पुढे गेला.

"तुमची पिशवी काढली आहे का?"

खोलीतलं बोलणं हळूहळू थांबलं. कुणी थांबवलं नाही, पण थांबलं. आत्याचं कुंकू घेतलेलं करंगळीशेजारचं बोट समोरच्या बाईच्या कपाळाजवळ तसंच राहिलं.

"नाही," आत्या म्हणाली. मग शेवटच्या बाईपर्यंत जावं इतक्या मोठ्यानं म्हणाली, "नाही काढलेली. आहे."

"धन्यवाद. मग पुढचा प्रश्न. गेल्या तीन महिन्यांत अवेळी रक्तस्राव झाला का?"

"आधी झाला होता. आता नाही. डॉक्टरांना दाखवलंय."

फोन बंद झाला. आत्यानं समोरच्या बाईला कुंकू टेकवलं, शेजारच्या तबकातून पन्ह्याचा पेला उचलून तिला दिला आणि पुढे सरकली.

कोपऱ्यात भिशीतल्या एक बाई बसल्या होत्या, आत्याच्याच वयाच्या, लांब बाह्यांचं फिकं पोलकं घातलेल्या. त्यांनी हातातली डाळीची वाटी खाली ठेवली. उजव्या हातानं डावा दंड चाचपला.

"नलू," त्या म्हणाल्या, "म्हणजे 'हो' नाही म्हणायचं?"

आत्या त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसली. ऋजुतानं पातेलं ठेवलं आणि दार पुढे लोटून घेतलं, कारण आता आणखी दोघीजणी दंडावर हात ठेवून जवळ सरकत होत्या.